दाराकडे तोंड करून

"श्रीपाद, ते दार आधी लाव! बाळंतिणीला वारा लागला तर मला विचारू नकोस," सासूबाई माजघरातून ओरडल्या. आमच्या ह्यांनी, म्हणजे गावच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी, निखाऱ्यांचं घमेलं एका हातात सांभाळत दुसऱ्या हातानं दार लावून घेतलं. मग नाकाला रुमाल लावून वाकले, माझ्या बाजेखालची शेगडी पुढे ओढली, तिच्यात निखारे ओतले, वर मूठभर ओवा टाकला आणि शेगडी पुन्हा बाजेखाली सारली. धूर भसकन माझ्या तोंडावर आला.

"कसं वाटतंय?" त्यांनी रुमालातूनच विचारलं.

"डोकं फुटतंय. आणि मळमळतंय."

"हं." त्यांनी दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला. "झोपताना उशी इकडे घेत जा. दाराकडे तोंड करून झोप. खाली फट आहे ना, तिथून जरा... आणि बाळालाही तिकडच्याच अंगाला घे."

"का हो?"

"असंच. बरं वाटेल तुला."

आणि गेले. आत येऊन पाच मिनिटं सलग कधी थांबले नाहीत. मला मात्र त्यांच्या त्या कुजबुजण्यानं भरून आलं. नवरा हळू आवाजात काही सांगतो म्हणजे ती माया, असं वाटण्याचं माझं वय होतं. बावीस वर्षांची होते मी. अक्कल गहाण ठेवायला तेवढं वय पुरतं.

हे वाईतलं. डिसेंबरचा महिना, थंडी मरणाची. माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती, तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी करायला कोणी नव्हतं. "काही काळजी करू नका, आमच्याकडे करू, आणि असं करू की बघत राहाल," असं सासूबाईंनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं. वडील बिचारे हात जोडून गेले.

करणं म्हणजे काय, ते त्या खोलीत कळलं. माजघराला लागून एक खोली होती, एक खिडकी असलेली. सासूबाईंनी तिला आतून वर्तमानपत्राचे कागद खळीनं चिकटवले आणि फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. माझ्या कानांत कापूस, डोक्याला फडकं, पोटाला पट्टा, अंगावर दोन गोधड्या. बाजेखाली शेगडी, ती दिवसरात्र. सकाळ-संध्याकाळ ओवा नाहीतर लसणीच्या सालींची धुरी. खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकायचं, कारण बाळंतिणीनं खोकू नये. शिंक आली तर दाबायची. हसू तर कशाचं येतंय! एकदा मात्र आलं. सासूबाई माझे पाय चेपत सांगत होत्या, "मी सात बाळंतपणं काढली, सातही अशाच खोलीत. शेगडी म्हणजे शेगडी." त्यांची सातातली दोन जगली होती. आमचे हे आणि त्यांची धाकटी बहीण नलू. मला हिशेब सुचला आणि इतकं हसू फुटलं की ते आवरायला मी गोधडीचं टोक दातात धरलं. त्यांना वाटलं कळ आली. आणखी निखारे मागवले.

आणि ते कोण आणून घालायचं? प्राध्यापक. दिवसा कॉलेजात मुलांना शिकवायचं, घरी आलं की धोतराचा काचा मारून अंगणात कोळसे पेटवायचे. आई म्हणेल ते. गावात कौतुक होतं त्यांचं. "एवढा शिकलेला, पण आईच्या शब्दाबाहेर नाही हो." मीही ते कौतुकानं ऐकून घेत होते.

बारशाच्या आदल्या दिवशी नलूवन्सं आल्या. त्या कऱ्हाडला दिलेल्या. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, सडपातळ, बोलायला अगदी कमी. मला वाटलं होतं, आत्या आली की बाळाला उचलून घेईल, पापे घेईल. कसलं काय! उंबऱ्यात उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे.

"या ना आत, वन्सं. बघा तरी भाचीला."

"बघते ना, इथूनच छान दिसतेय." "तब्येत बरी आहे ना, वहिनी?"

"घ्या ना हातात."

"नको. माझे हात गार आहेत." आणि वळून गेल्या.

मला राग आला. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली तरी मूलबाळ नाही, म्हणून त्यांना माझं बघवत नाही, असं माझ्या मनात आलं. मनातलं खरं तेच सांगते. संध्याकाळी सासूबाई मला अळिवाची खीर द्यायला आल्या तेव्हा मी म्हटलंच, "वन्संनी बाळाला हातसुद्धा लावला नाही."

सासूबाईंनी दार नीट लागलंय ना ते बघितलं. बाजेच्या कडेला टेकल्या.

"तेच सांगायला आले. तू होऊन तिच्या हातात देऊ नकोस."

"का, आई?"

"सांगते, पण या खोलीबाहेर गेलं तर बघ. तिला मुलगा झाला होता. ह्याच खोलीत. चांगला गुटगुटीत. नवव्या दिवशी सकाळी बघतो तर गार. झोपेत हिच्याच अंगाखाली आला. हिला शुद्ध नाही, मढ्यासारखी पडलेली. हलवून हलवून उठवली."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

"तिला माहीत आहे हे?"

"मीच सांगितलं. मग काय, देवानं नेलं म्हणून खोटं सांगायचं? पण बाहेर नाही हो फुटू दिलं. तिच्या सासरी ताप आला म्हणून कळवलं. श्रीपादनंच पत्र लिहिलं. नाहीतर नांदवली असती का तिला? आईनं पोर चेपलं म्हटल्यावर?" सासूबाईंच्या आवाजात चक्क अभिमान होता. "घरातल्या घरात मिटवलं सगळं. तिला पण बजावून ठेवलंय, मेलीस तरी तोंडातून काढायचं नाही."

त्या रात्री मी नीट झोपले नाही. पोरीला माझ्यापासून हातभर लांब ठेवली, माझ्या अंगाखाली येऊ नये म्हणून. दाराकडे तोंड करून पडले होते, नवऱ्यानं सांगितलं होतं तशी. नलूवन्संबद्दल मनात आणलेलं आठवून माझीच मला लाज वाटत होती.

बारशाच्या दिवशी सकाळी मला डोक्यावरून न्हाऊ घातलं. ओले केस, त्यात थंडी, म्हणून सासूबाईंनी हुकूम सोडला की आज एका शेगडीनं भागायचं नाही. दुसरी आली. एक बाजेखाली, एक उशाशी, केस वाळवायला. बाहेर बायकांची ये-जा सुरू होणार, दार सारखं उघडणार, म्हणून दाराच्या खालच्या फटीतसुद्धा त्यांनी पोतं दुमडून घातलं. हे दोन्ही शेगड्या भरत होते. पोत्याकडे बघितलं त्यांनी. मी बघितलेलं आहे त्यांना ते पोतं बघताना. रुमाल नाकावर दाबून निघून गेले.

दुपारी बायका यायला लागल्या. बाहेर पाळणा सजवला होता. घुगऱ्या शिजल्याचा वास माझ्यापर्यंत येत होता आणि त्या वासानं पोटात ढवळत होतं. एकेक जण दार किलकिलं करून डोकावायची.

"अगंबाई! गाल बघा पोरीचे! डाळिंबासारखे लाल झालेत."

"शेकाचं तेज हो ते. आक्कांच्या हाताला गुण आहे." आक्का म्हणजे आमच्या सासूबाई.

"आणि किती गुणाची! रडणं म्हणून नाही."

खरंच रडत नव्हती. सकाळपासून रडली नव्हती. मी अंगावर घेतलं तर तोंडसुद्धा लावेना. हात उचलला की पडायचा, ओल्या फडक्यासारखा. माझे स्वतःचे पाय मला माझे वाटत नव्हते. डोळ्यांपुढे खोली पुढे-मागे होत होती. मी हाका मारल्या. तिसऱ्या-चौथ्या हाकेला हे आले.

"ही बघा ना कशी करतेय. दूध ओढत नाही."

हे वाकले. तिचा गाल बघितला. नखं बघितली. पापणी वर करून डोळा बघितला. मला त्यांचा चेहरा दिसत होता, अगदी जवळून. तो पांढराफटक पडला.

"काय झालं? अहो, काय झालं तिला?"

"काही नाही."

"तुमचा चेहरा का असा झाला?"

"काही नाही म्हटलं ना. जरा... जरा बारसं उरकू दे. मग आईला सांगून खिडकी उघडायला लावतो."

"आत्ता उघडा!"

"आत्ता पाहुणे आहेत," ते कुजबुजले. "आईनं स्वतः कागद लावलेत. सगळ्यांच्या देखत मी कसं... अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. तू हिला दाराकडे घेऊन बस."

दाराखाली पोतं होतं. ते त्यांनी काढलं का? नाही. जाताना दार ओढून घेतलं, पोतं होतं तिथेच राहिलं.

त्या क्षणी मला विज्ञानबिज्ञान काही कळलं नाही. एवढंच कळलं की ह्या माणसाला पोरीकडे बघून भीती वाटली, आणि तरी तो बाहेर पेढे वाटायला गेला. माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. औषधं कुटायचा पितळी खलबत्ता कोनाड्यात होता. मी बाजेवरून उतरले ती गुडघ्यांवरच पडले. तशीच सरपटत गेले, भिंत धरून उठले, बत्ता उचलला आणि खिडकीवर हाणला. कागद होता म्हणून काच आतल्या आत दबली. पुन्हा हाणला. तिसऱ्यांदा तावदान बाहेर पडलं आणि गार वारा असा आत आला की मी तोंड उघडं टाकून तो प्यायले. प्यायलेच म्हणायचं, दुसरा शब्द नाही.

बाहेरचा सगळा गलबला बंद झाला. दार ढकलून पहिल्या आल्या त्या नलूवन्सं.

"वहिनी! हे काय?"

"बाळाला घ्या! बाहेर न्या तिला!"

त्यांचे हात पाठीमागे गेले. "मी नको, वहिनी. मला नका देऊ. आईला बोलावते."

"नलूताई, मला उभं राहवत नाहीये! मरेल ती! घ्या म्हणते ना!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाजेकडे बघितलं, आणि झडप घालून पोरीला उचललं. माजघरातून परसात पळत गेल्या. मी भिंतीला धरधरून त्यांच्या मागे. परसात धुण्याच्या दगडावर बसले तेव्हा हेही धावत आले होते. आणि मग मी काय बघितलं म्हणता? ह्या माणसाला सगळं येत होतं! पोरीचं दुपटं सोडलं, तोंड आडवं केलं, छाती चोळली, पाठीवर टिचक्या मारल्या, "वारा येऊ दे, कोणी जवळ उभे राहू नका," म्हणाले. आत जाऊन दोन्ही शेगड्या चिमट्यानं ओढत परसात आणल्या, वर राख लोटली. "पाणी नको, नुसती राख," म्हणाले. एक हालचाल चुकली नाही. आधीच पाठ असावं तसं.

थोड्या वेळानं पोरीनं कण्हल्यासारखं केलं. मग आक्रसून एक बारीक रडं काढलं. नलूताई तिला घट्ट धरून उभ्याच होत्या.

एवढ्यात सासूबाई आल्या. "काय थेर आहेत हे? बाळंतवात झालाय हिला, डोकं फिरलंय. श्रीपाद, आधी हिला आत ने. खिडकीला गोधडी ठोक. शेगड्या बाहेर कोणी काढल्या?"

"आई, शेगडी नको," हे खालच्या आवाजात म्हणाले. बाहेरच्या बायकांना ऐकू जाऊ नये एवढ्या खालच्या. "कोळशाचा वायू असतो. बंद खोलीत साठतो. विषारी असतो तो. वास येत नाही, कळत नाही. माणूस गुंगतो आणि..."

"काहीतरीच! कोणी सांगितलं तुला?"

"कोणी म्हणजे... मी शिकवतो ते वर्गात."

नलूताईंनी मान वर केली.

"काय शिकवतोस, दादा?"

हे हातातला चिमटा खाली ठेवायला वाकले.

"गुंगतो आणि काय होतं?"

"नलू, आत्ता नको."

"हलवलं तरी उठत नाही, असं होतं?"

"नलू..."

"आणि शेजारचं बाळ?"

सासूबाई म्हणाल्या, "गप्प बस, बाहेर बायका आहेत."

"कधीपासून शिकवतोस हे?" नलूताईंचा आवाज चढला नव्हता. उलट फार नीट, एकेक शब्द सोडवून बोलत होत्या. "माझा मुलगा गेला तेव्हा लागला होतास ना नोकरीला? ते पहिलंच वर्ष होतं तुझं. मला आठवतंय, मला नवीन घड्याळ दाखवलं होतंस."

ह्यांनी सासूबाईंकडे बघितलं.

"तिच्याकडे नको बघूस. मी विचारतेय. त्या सकाळी तुला कळलं होतं?"

ह्यांनी शेगडीतल्या एका निखाऱ्यावर पायानं राख सारली. पोर बारीक आवाजात रडत होती.

"संशय आला होता," हे म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? शेगडी आईनं ठेवली होती. आईला काय वाटलं असतं, नलू?"

खरं सांगते, मी त्या माणसाबरोबर पुढे चाळीस वर्षं एका घरात राहिले, त्याच्या जेवणाची पथ्यं पाळली, आजारपणं काढली. पण त्या वाक्यानंतर मी त्याला माझा माणूस कधी मानलं नाही. पोराला आपल्या अंगाखाली चिरडलं असं समजून ही बाई सात वर्षं जगत होती. नवऱ्याजवळ झोपायची तर भिंतीला चिकटून झोपायची, हे तिनंच मला पुढे सांगितलं. दुसरं मूल नको म्हणून देवाला नवस बोलायची. आणि हा सगळं ठाऊक असून तिच्या सासरी "तापानं गेला" म्हणून सुवाच्य अक्षरात पत्र लिहीत होता. आईला वाईट वाटू नये म्हणून. आईचा लाडका!

सासूबाईंना रडू फुटलं. "मी मुद्दाम केलं का गं? आमच्या वेळेला सगळे असंच करायचे. मला काय ठाऊक?"

"तुला नव्हतं, आई," नलूताई म्हणाल्या. "त्याला होतं."

मग पदरानं पोरीचं तोंड पुसलं. बाहेरून कोणीतरी हाक मारली, "आक्का, बाळाला आणा हो, वेळ टळतेय!" सासूबाईंनी घाईघाईनं डोळे पुसले. ह्यांनी लगेच तो धागा पकडला. "हो, हो. आधी बारसं उरकून घेऊ. हे सगळं नंतर आपण घरातल्या घरात बोलू."

"चला," नलूताई म्हणाल्या. "आत्यानंच नाव ठेवायचं असतं ना?"

पोरीला त्यांनी कोणाच्या हातात दिलं नाही. स्वतःच घेऊन गेल्या. मीही मागून गेले, डोक्याचं फडकं, कानातला कापूस, सगळं काढून टाकलं होतं. बायका माझ्याकडे बघून बाजूला सरकल्या. पोरीला पाळण्यात ठेवलं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. नाव आधीच ठरलं होतं, सासूबाईंच्या सासूचं, कृष्णाबाई. आत्या कानाशी वाकली की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, म्हणून सगळ्याजणी हात वर करून सरसावल्या, हसत-खिदळत. खिडकी कशी फुटली ते विसरून पण गेल्या होत्या.

नलूताई वाकल्या. "कुर्रर्र," म्हणाल्या. आणि मग कानात सांगायचं ते सगळ्या दिवाणखान्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

"रड, बाई. मोठ्यानं रड. या घरात कोणी गप्प बस म्हटलं तर बसू नकोस. तुझा बाप तुझ्यासाठी तोंड उघडायचा नाही, माझ्यासाठीही उघडलं नाही. माझा मुलगा तापानं नाही गेला. माझ्या अंगाखाली पण नाही गेला. कोळशाच्या वायूनं गेला, त्या खोलीत. आणि ह्याला ते ठाऊक होतं."

वर उचललेले हात तसेच राहिले. एकीच्या हातातली घुगऱ्यांची वाटी कलंडली आणि हरभरे जमिनीवर पसरले. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. माझ्या पोरीनं तोंड वासलं आणि जन्मल्यापासून रडली नव्हती इतक्या जोरात भोकाड पसरलं. लाली गेली होती गालांवरची, चांगली सावळी दिसत होती.

आमचे हे पेढ्यांचं तबक घेऊन दारात उभे होते. सगळ्या बायका आता त्यांच्याकडे बघत होत्या. ते दोन पावलं पुढे आले, पाळण्यावर वाकले, ओठांवर बोट ठेवलं आणि त्या बारा दिवसांच्या पोरीला म्हणाले, "श्श... हळू. माणसं आहेत."